दीडचे पंधरा

१५ ऑक्टोबर, मंगळवार

फुटल्या. सगळ्या!

सकाळी हिदर उस्तादांनी भट्टीचं दार उघडलं तेव्हा आम्ही सगळे समोर उभे होतो. मालक रुश्तूबेय, त्यांचे जावई तारिकबेय, रंगकामाच्या बायका, मी. तावशानलीच्या नव्या मशिदीतल्या मिहराबीच्या, म्हणजे नमाजाच्या कोनाड्याच्या, टाइल होत्या आत. सेविमताईचा अख्खा उन्हाळा त्यात गेला होता. एकेक पाकळी, एकेक देठ, श्वास धरून. उस्तादांनी पहिली टाइल उचलली आणि तिचे हातातच दोन तुकडे झाले. मग दुसरी. ज्या अख्ख्या वाटत होत्या त्यांच्यावर केसासारख्या चिरा — वरच्या झिलईपासून थेट मातीपर्यंत.

सेविमताई तेवढी म्हणाली, "उस्ताद, काय केलंत हो हे?"

काय केलंत! म्हणजे उस्तादांनीच केलं! दुसरं काही असूच शकत नाही!

काल दिवसभर सगळं ठीक होतं. पहाटे भट्टी नऊशेवर पोचली आणि तिथून संगणकावर मी लिहिलेली आज्ञावली तिला खाली उतरवायला लागली. मिनिटाला दीड अंश, त्याहून वेगात नाही, कारण पावणेसहाशेच्या आसपास आमच्या मातीला धक्का सोसत नाही. मी पुढच्या खोलीत खोक्यांवरच्या चिठ्ठ्या लिहीत होतो. दुपारी उस्तादांनी हाक मारली, "ये रे नेजाती, निवतंय." त्यांच्या मातीच्या गाडग्यातला पांढरा घेवडा — वाफाळता, लोण्यासारखा. मी दोनदा वाढून घेतला. आणि आम्ही पाव मोडून खात होतो तेव्हाच भिंतीपलीकडे टाइल फुटत होत्या!

१६ ऑक्टोबर

तारिकबेयनी निकाल दिला. अशी चीर एकाच गोष्टीने पडते — भट्टी तापलेली असताना गार वारा आत गेला की. वारा कसा गेला? दार उघडलं. दार कोणाच्या ताब्यात? हिदर उस्तादांच्या. झालं!

मालकांना ते बोलणं आवडलं नाही, हे दिसत होतं. त्यांनी टेबलावर एक पाव ठेवला. म्हणाले, "उस्ताद, तुम्ही माझ्या वडिलांच्या वेळचे. मी चौकशी-बिवकशी करत नाही. या पावावर हात ठेवा आणि म्हणा, वेळेआधी दार उघडलं असेल तर हा पाव मला भोवो. विषय संपला."

उस्ताद पावाकडे बघत राहिले. मग हात कोटाच्या खिशात घातले.

"मी शपथ घेत नाही, रुश्तू."

"घेत नाही की घेववत नाही?" — तारिकबेय.

उस्तादांनी टोपी उचलली आणि गेले.

मला राहवलं नाही. ओरडलोच. "दार कशाला मध्ये आणता? आज्ञावली माझी आहे! शनिवारी माझा संगणक दुरुस्तीला होता म्हणून मी ती हिशेब बघणाऱ्या नुरहान हानुमच्या संगणकावर बसून तयार केली. कधी नव्हे ते! काही चुकलं असेल तर तिथे चुकलं असेल. आधी मला विचारा ना!"

तारिकबेय हसले. "म्हाताऱ्यासाठी स्वतःच्या गळ्यात फास अडकवू नकोस. संगणकाला डुलकी लागत नाही, नेजाती. माणसाला लागते."

मी ठोकळ्याकडे धावलो, भट्टीचं तापमान चालवणारा तो भिंतीवरचा डबा. आज्ञावली त्याच्याच पोटात असते, आकडे बघता आले असते. ठोकळा कोरा! तारिकबेयनी कालच पुसून त्यात जुनी आज्ञावली भरली होती. "उद्या साध्या वाट्या भाजायच्या आहेत, त्याला कशाला धोका?" वा! पुरावा पुसला आणि वर धोका टाळला!

महिनाअखेर नवा भट्टीवाला बघणार आहेत. गल्लीत सगळ्या कारखान्यांना कळलंय. चहावाला चहा पोचवायला आला तोही विचारत होता, "मिहराब फोडली तो हाच का तुमचा उस्ताद?" हे नाव एकदा चिकटलं की अख्ख्या कुताह्या शहरात त्यांना कोणी भट्टीला हात लावू देणार नाही.

१७ ऑक्टोबर

शपथ घेतली नाही म्हणजे गुन्हा कबूल — हा कुठला न्याय? मी म्हणालो, "खरा माणूस शपथ घेत नसतो, त्याला गरज नसते!"

सेविमताई ब्रश धुता धुता म्हणाली, "खरा माणूस पटकन घेतो रे. जेवायला मोकळा होतो."

तिच्याशी बोलायचं नाही.

१८ ऑक्टोबर

आज माझं नाक कापलं गेलं.

तारिकबेय म्हणाले, "चल, एकदाचं तुझं समाधान करू." नुरहान हानुमच्या संगणकावर स्वतः बसले. आधी काहीतरी खटाखट केलं, संगणक बंद करून चालू केला, मग माझीच आज्ञावली उघडली आणि फर्नोला दिली. फर्नो म्हणजे आमचा कंपायलर, परदेशातल्या लोकांनी फुकट वाटलेला. तयार झालेलं ठोकळ्यात भरलं. ठोकळ्याच्या काचेवर आकडा आला : उतार १.५.

"दीड. तू लिहिलंस तेच. तोच संगणक, तीच आज्ञावली, तोच कंपायलर. अजून काय हवं?"

सगळे बघत होते. मी तीनदा पाहिलं. दीड. पण मग टाइल फुटल्या कशा? आकाशातून?

नंतर सेविमताईने विचारलं, हा कंपायलर म्हणजे कोण रे बाबा? मी सांगितलं — दुभाष्या. मी एका भाषेत बोलतो, ठोकळ्याला दुसरीच कळते. हा मध्ये बसून सांगतो. मी दीड म्हणालो तर त्याने दीडच सांगायला हवं.

"आणि तो पुढे काय सांगतो ते तुला ऐकू येत नाही?"

"नाही."

"मग माझ्या सासूसारखंच आहे." म्हणाली आणि पुन्हा पाकळ्या भरायला बसली. मिहराब पहिल्यापासून काढतेय. चेहरा असा की जवळ जाववत नाही.

१९ ऑक्टोबर

भट्टीच्या दारावर मालकांनी सूचना लावली : परवानगीशिवाय दाराला हात लाऊ नये. "लाऊ"! संताप इतका आला होता तरी पेन काढून "लावू" केलं. मगच घरी गेलो.

२१ ऑक्टोबर

उस्तादांच्या घरी गेलो. खुर्चीचा मोडका पाय बसवत होते. घरातल्या सगळ्या खुर्च्यांचे पाय त्यांनी या आठवड्यात बसवलेत म्हणे, मोडके आणि न मोडकेही.

मी म्हणालो, "उस्ताद, तुम्ही गप्प का? सांगा ना सगळ्यांना!"

"काय सांगू?"

"दार उघडलं नाही म्हणून!"

"चहा घे," म्हणाले.

मुनेव्वरकाकूंनी चहा ओतला आणि माझ्याकडे तक्रार केली. "याला घेऊन जा रे कामावर. घरात बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतो. गॅसवरच्या घेवड्याला चव नाही म्हणे! तीस वर्षं सूर्य मावळला, भट्टी निवत आली की गाडगं तिच्यात सरकवायचा. भट्टीवाल्यांची जीभच तशी. माझा गॅस काय कामाचा!"

उस्ताद एकदम म्हणाले, "पुरे आता, मुनेव्वर." इतक्या जोरात की काकूंच्या हातातली चमची पडली. कामावरून काढलेल्या माणसासमोर भट्टीचं नावही काढू नये, एवढं कळायला नको का! पण काकूंना कोण सांगणार.

निघताना उस्ताद दारापर्यंत आले. "माझ्यासाठी भांडू नकोस, पोरा."

म्हणजे आता तर भांडणारच.

२३ ऑक्टोबर

सापडलं!!

सकाळी नुरहान हानुमने कचेरी डोक्यावर घेतली. "माझा संगणक कोणी बाटवला? कोणी बाटवला ते समोर या!" झालं होतं असं, की चार दिवस तिची बिलं वेडीवाकडी निघत होती. आमच्याकडे दीड लिहायचा तर एक, स्वल्पविराम, पाच. टिंब असतं ते हजारांसाठी. तिचा संगणक उलटं करायला लागला होता — इंग्रजांसारखं. आज एका गिऱ्हाइकाने बिल परत पाठवलं, वर फोन करून हसला.

मी जागच्या जागी थिजलो.

आमच्याकडे नवा संगणक आला की पहिलं काम काय? त्याला इंग्रजी करायचं. मूल जन्मल्यावर कानात अजान म्हणतात ना, तसं. तंत्रशाळेत मी एकच वर्ष काढलं, पण पहिल्या दिवशी हेच शिकवलं — का ते कोणी सांगितलं नाही. "इंग्रजी ठेवा, नाहीतर वेड्यासारखं करतं." माझा संगणक इंग्रजी. तारिकबेयचा इंग्रजी. फक्त नुरहानचा तुर्की, कारण तिला बिलं करायची असतात. आणि तारिकबेय त्या दिवशी खुर्चीत बसले, खटाखट केलं — ते काय होतं? त्यांनी बसल्याबसल्या तिचा संगणक इंग्रजी केला होता! मुद्दाम नाही. जेवायला बसताना बिस्मिल्ला म्हणावं तसं, हाताच्या सवयीने. आणि मग म्हणतात, बघ, दीड!

मी तिचा संगणक परत तुर्की केला. ती म्हणाली, "देव तुझं भलं करो." मी म्हणालो, "थांबा, आधी माझं एक काम." आज्ञावली फर्नोला दिली. ठोकळ्यात भरली.

उतार १५.

आज्ञावलीत मी १.५ लिहिलेलं, त्यातलं टिंब हजाराचं समजून त्याने गिळून टाकलं! दीडचे पंधरा! मिनिटाला पंधरा अंश — म्हणजे पंखे पूर्ण जोरात, झडपा सताड उघड्या, गार वारा थेट टाइलवर. दार कशाला उघडायला हवं!

तसाच तारिकबेयना बोलवायला धावलो. आनंदाने नाही. रागाने.

२३ ऑक्टोबर, पुन्हा

तारिकबेयना दाखवलं. काचेवरचा आकडा बघून म्हणाले, "अवघड आहे. मालक काय म्हणतील ते सांगू? म्हणतील, पोराने उस्तादांसाठी काहीतरी खेळ केला. फर्नो जगभर वापरतात, नेजाती. असलं काही असतं तर कोणाला दिसलं नसतं? त्या लोकांकडून कबूल करून आण, मी स्वतः मालकांशी बोलतो."

कोणाला दिसलं नसतं! कसं दिसणार? सगळ्यांनी पळवाट पाठ केली, रस्त्यातला खड्डा कोणी बुजवला नाही!

२४ ऑक्टोबर

त्या लोकांना तक्रार लिहिली. इंग्रजीत. एकेक शब्द कोशात बघून. शनिवारी काय केलं, कुठल्या संगणकावर, कुठली आवृत्ती, काय अपेक्षित होतं, काय आलं. पाठवण्याआधी चारदा वाचलं. एका ठिकाणी दोन 'एल' हवेत की एक, यावर बराच वेळ गेला. दोनच हवेत.

२५ ऑक्टोबर

उत्तर आलं. डेरेक नावाच्या गृहस्थाचं, तो तिथला प्रमुख. चार ओळी. "माझ्याकडे बरोबर चालतं. संगणक इंग्रजीत ठेवा. हा आमचा प्रश्न नाही." आणि तक्रार बंद. खाली लाल शिक्का — बंद!

चार ओळींत शुद्धलेखनाच्या दोन चुका. स्वतःच्या भाषेत! मी परक्या भाषेत एक केली नाही!

संगणक इंग्रजीत ठेवा म्हणे. उद्या म्हणेल, बिलंही इंग्रजीत द्या. सेविमताईने पाकळ्याही इंग्रजीत काढाव्यात!

२६ ऑक्टोबर

पुन्हा लिहिलं. पहिला मसुदा फाडला — शिव्या होत्या. दुसराही फाडला — विनवण्या होत्या. तिसऱ्यात एवढंच लिहिलं : "तुमच्या कंपायलरने दीडचे पंधरा केले आणि कसली खूणसुद्धा दिली नाही. चुकतोय असं सांगून थांबला असता तर मी थांबलो असतो. इथे एका माणसाची भाकरी जातेय. ज्याचा संगणक आपल्या भाषेत आहे अशा कोणीतरी करून बघावं, एवढंच मागणं."

२९ ऑक्टोबर

प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. रस्ताभर झेंडे. उत्तर नाही.

३१ ऑक्टोबर

नवा भट्टीवाला भट्टी बघून गेला. खिशात हात घालून! उस्तादांच्या खिळ्यावर आपलं जाकीट टांगलं. मी ते काढून खुर्चीवर ठेवलं. त्याने बघितलं, हसला. "तुझी जागा का रे ही?"

"नाही. तुझीही नाही."

तारिकबेयनी मला बाहेर काढलं. उद्या-परवा मालक त्याला होकार कळवणार.

१ नोव्हेंबर

ब्राझीलमधून एका बाईंचा जबाब आलाय माझ्या तक्रारीखाली! लुसियाने असं नाव. त्यांच्याकडेही आमच्यासारखंच, दीडमध्ये स्वल्पविराम. लिहितात : "माझ्याकडेही पंधरा. पण फक्त विंडोजवर. लिनक्सवर दीडच येतो. डेरेक, तू लिनक्सवर आहेस आणि तुझा संगणक इंग्रजीत आहे. तुला जन्मात दिसलं नसतं." सोबत चित्रं जोडलीत. दोन संगणक शेजारी शेजारी — एकावर १.५, एकावर १५.

कधीही न पाहिलेली बाई. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून तिने करून बघितलं. इथे शेजारच्या टेबलावरून कोणी उठलं नाही!

१ नोव्हेंबर, संध्याकाळ

डेरेक : "चूक आमचीच. तक्रार पुन्हा उघडतो. गंभीर म्हणून नोंदवतो. क्षमस्व." या वेळी शुद्धलेखन बरोबर आहे.

इतकं सोपं होतं तर हा आठवडा का लागला? कोणाला विचारू?

४ नोव्हेंबर, सोमवार

तारिकबेयनी शब्द पाळला, हे लिहायलाच हवं. सगळा पत्रव्यवहार छापून घेतला आणि मालकांपुढे वाचला. मालकांना अर्धं कळलं नाही. म्हणाले, "कागद राहू दे. मला भट्टी दाखव."

रिकामी भट्टी तापवली. नुरहानच्या संगणकावर तयार केलेली आज्ञावली भरली. उतार सुरू झाला मात्र — पंखे असे गरजले की पुढच्या खोलीतल्या बायका धावत आल्या. झडपा धाडकन उघडल्या. काचेवरचा आकडा जिना उतरल्यासारखा पळत होता. दाराला कोणी बोटही लावलं नव्हतं.

सेविमताई भिंतीला टेकली. तोंडावर ओढणी धरली.

मालकांनी भट्टी बंद करायला सांगितली. मग तारिकबेयना म्हणाले, "गाडी काढ. वाटेत बकलावा घेऊ." आणि माझ्याकडे वळून, "तूही चल. तुझ्याशिवाय मला त्या घरात पाऊल टाकायची लाज वाटेल."

मला आनंद व्हायला हवा होता. गाडीत बसल्यावरही दात आवळलेलेच होते.

५ नोव्हेंबर

उस्ताद परत आले! मालकांनी सगळ्यांसमोर त्यांचा कोट स्वतः काढून खिळ्यावर टांगला. म्हणाले, "पाव मी पुढे केला, चूक माझी. माफ करा." सेविमताईने वाकून उस्तादांचा हात धरला, ओठांना लावला, कपाळाला लावणार तेवढ्यात त्यांनी झटक्यात ओढून घेतला. जणू भाजलं! संकोची माणूस. इतकं सोसलं तरी एक शब्द चढा नाही. मी तर म्हटलं असतं — आता घ्या, सगळे शपथ घ्या!

दुपारी जेवले नाहीत.

७ नोव्हेंबर

संध्याकाळी भट्टी निवत होती. दोघंच होतो. उस्ताद काचेवरचा आकडा बघत होते. पूर्वी कधी बघत नसत, दाराला तळहात लावून सांगायचे.

म्हणाले, "पोरा, त्या सोमवारी दुपारी आपण जेवलो. तो घेवडा कुठे शिजला होता?"

मी म्हणालो, चुलीवर असेल.

"इथे चूल कुठे आहे?"

मग सांगितलं. त्या सकाळी दाराला हात लावला तर चटका सोसवला. भट्टी आज लवकर निवली असं त्यांना वाटलं, आकडा बघितला नाही. दार वीतभर उघडलं, गाडगं आत सरकवलं. दुपारी काढायला पुन्हा उघडलं. "तुझ्या दुभाष्याने फोडल्या की माझ्या गाडग्याने, ते देवालाच ठाऊक. पण पावावर हात कसा ठेवणार होतो?"

मी दोनदा वाढून घेतला होता.